चढेल, पण चालेल का?

दिवाळीच्या सुट्टीत जयपूरच्या बनी पार्कात सकाळी पायी हिंडलं, की आपल्याकडच्या नंबर प्लेटा मोजत बसावंसं वाटतं. एमएच-१२, एमएच-१४, एमएच-०९, मधूनच एखादी एमएच-३१. जुन्या कोठ्यांची इथे हॉटेलं झाली आहेत, आवारात कडुनिंबाखाली गाडी लावायला जागा मिळते, रेल्वे स्टेशन आणि सिंधी कॅम्पचा बस स्टँड दोन्ही जवळ. राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून पुण्याहून निघालेला मोटारसायकलवाला सुमारे १२०० किलोमीटर कापून इथे उतरतो. ज्यांना तो लांबलचक सरळ रस्ता नको असतो, ते पेट्रोलची टाकी रिकामी करून, गाडी गोणपाटात बांधून रेल्वेने पाठवतात आणि जयपूर जंक्शनवर सोडवून घेतात. दोघांचाही दुसऱ्या दिवशी सकाळचा उद्योग एकच. चहाचा कप हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारायची आणि मागच्या टायरकडे बघून काळजीत पडायचं.

२०२३ च्या पाडव्याला ती पाळी माझ्यावर आली. माझी गाडी हिमालयन, जुनी ४११ सीसीची. मागच्या टायरच्या बाजूला, रिमपासून दोन बोटं वर, पेराएवढी चीर पडली होती आणि आतले धागे दिसत होते. नक्षीच्या भागात खिळा घुसला तर पॅच मारून भागतं. टायरच्या कुशीला पडलेली चीर मात्र दुरुस्त होत नाही, आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते. म्हणजे टायर बदलायचाच. मूळ साइज १२०/९०-१७. पाडवा म्हणजे तिकडे गोवर्धन पूजा, मोठी दुकानं कुलूपबंद. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं. त्याच्याकडे १२०/९० नव्हता. १३०/८०-१७ होता, १४०/७०-१७ होता.

"चढ़ जाएगा भाईसाब, टेन्शन मत लो," दुकानदार म्हणाला.

आमच्याच हॉटेलात उतरलेला कोल्हापूरचा एक मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, "काका, एकशेचाळीसच टाका की! मागनं बघाय काय दिसंल गाडी!"

बायको म्हणाली, "दिसायचं राहू दे. मागे मी बसणार आहे."

टायरच्या साइजविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक पहिल्या दोन वाक्यांत संपते. लेख लिहावासा वाटला तो तिसऱ्या वाक्यामुळे.

आधी आकडे वाचायला शिकू. १२०/९०-१७ मधला १२० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. म्हणजे १०८ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन घराण्यांची मंडळी नांदतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. दुकानात बहुतेक गिऱ्हाईक पहिला आणि शेवटचा आकडा वाचतो. मधला वाचतच नाही, आणि खरी गंमत मधल्यात असते.

कारण टायरची उंची त्यावर ठरते. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची कूस मिळवली, १०८ दुणे २१६, की माझ्या मागच्या चाकाचा व्यास झाला सुमारे ६४८ मिलिमीटर. आता १३०/८०: कूस १०४, व्यास ६४०. आणि १४०/७०: कूस ९८, व्यास ६२८. रुंदीचा आकडा वाढत गेला आणि चाक मात्र लहान होत गेलं! १३०/८० ने चाक सव्वा टक्का लहान होतं, मागचा आस चार मिलिमीटर खाली येतो. ते अंगाला कळणारही नाही. १४०/७० ने तीन टक्क्यांहून जास्त. आस एक सेंटिमीटर खाली बसतो, गाडी मागे झुकते, पुढचा फोर्क थोडा आडवा होतो आणि वळणात गाडी आळशी वाटू लागते. सगळा हिशेब मी दुकानाच्या पायरीवर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला. दोन मिनिटं लागली. कुणालाही जमेल.

जुन्या बुलेटवाल्यांना हे आकडे परके वाटतात, कारण त्यांचा टायर ३.२५-१९. सगळंच इंचांत, आणि मधला टक्का लिहिलेलाच नाही. या जुन्या ब्रिटिश पद्धतीत कुशीची उंची रुंदीएवढीच धरायची. ३.२५ इंच म्हणजे साडेब्याऐंशी मिलिमीटर. हिशेब केला तर चाकाचा व्यास येतो सुमारे ६४८. आजच्या ९०/९०-१९ चा येतो ६४५. म्हणून जुन्या बुलेटला ३.२५-१९ मिळाला नाही तर ९०/९०-१९ घालतात ते बरोबर आहे. असेच २.७५-१८ ला ८०/१००-१८ आणि ३.००-१८ ला ९०/९०-१८ हे जवळचे पर्याय आहेत. ही नावं बदललेली भावंडं आहेत, यात जुगाड काही नाही.

जुगाड सुरू होतो तो रुंदीच्या हौसेपासून. 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे म्हटलं जातं, की ते शाळेच्या पुस्तकात असावं असं वाटतं. प्रत्यक्षात टायरचा जमिनीला टेकलेला ठसा किती मोठा, हे मुख्यतः त्यावरचं ओझं आणि आतली हवा ठरवते. तेवढंच ओझं, तेवढीच हवा ठेवून रुंद टायर घातला तर ठसा आडवा वाढतो आणि उभा कमी होतो; क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. रुंद टायरचे खरे फायदे ताकदवान गाड्यांना मिळतात, जिथे रबर तापतं, झिजतं आणि ती उष्णता पसरायला जागा लागते. चोवीस-पंचवीस घोड्यांच्या माझ्या गाडीला त्याचं काय? उलट रुंद टायर जड असतो, पेट्रोल खातो, आणि तेवढंच वळण तेवढ्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी जास्त कलवावी लागते. पावसाळ्यात तर रुंद टायरच पाण्यावर लवकर तरंगतो. कोकणातल्या जुलैत डांबरावर पाण्याचा पडदा असतो. तो कापत जायला अरुंद टायर बरा.

हे सगळं शहाणपण मला अनुभवाने आलेलं आहे, वाचून नव्हे. हिमालयनच्या आधी माझ्याकडे क्लासिक ३५० होती, जुन्या इंजिनाची. मागे मूळ ११०/९०-१८. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी हौसेने १२०/९०-१८ घातला. दिसायला फक्कड. रुंदी एक सेंटिमीटर वाढली आणि, तेव्हा लक्षात आलं नाही, व्यास १८ मिलिमीटरनी वाढला. गावात काही जाणवलं नाही. मागे बायको आणि दोन पिशव्या घेऊन आंबोली घाट उतरलो तेव्हा प्रत्येक खड्ड्याला खर्रकन आवाज. खाली थांबून बघितलं तर चेनकव्हरच्या आतून काळ्या रबराचा भुगा निघत होता आणि टायरच्या एका कडेवर चकाकणारा पट्टा उमटला होता. उभ्या गाडीत बोट जाईल एवढी फट होती. पण टायर वेगात फिरताना थोडा फुगतो, आणि ओझ्याने स्प्रिंग दबली की चाक मडगार्डकडे सरकतं. त्या दिवशी ती फट संपली. दुकानात गाडी मधल्या स्टँडवर असते, तिच्यावर कुणी बसलेलं नसतं, आणि 'चढलं' म्हणजे झालं असं सगळे धरून चालतात.

म्हणून माप घ्यायचं ते गाडी खाली उतरवून, दोघांना बसवून, सामान लादून. टायर आणि चेन, टायर आणि स्विंगआर्म, टायर आणि मडगार्ड, तिन्ही ठिकाणी बोट घालून बघायचं. चेन नवीन असताना मागचं चाक पुढे सरकलेलं असतं, चेन ताणत जाऊ तसं ते मागे जातं. म्हणून नव्या चेनच्या वेळी जागा सगळ्यात कमी. आज जागा आहे म्हणजे पुढच्या वेळी असेलच असं नाही.

मग रिम. चाकाच्या रिमवर तिचीही रुंदी कोरलेली असते, २.५०×१७ किंवा ३.००×१७ अशी. प्रत्येक टायर अमुक ते अमुक रुंदीच्या रिमवर बसावा असं कोष्टक टायर कंपन्या देतात. अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, आणि जी रुंदी विकत घेतली ती जमिनीला टेकतच नाही! दिसतो मोठा, टेकतो लहान. शिवाय कुशी तिरक्या ताणल्या जाऊन टायर वळणात डुलल्यासारखा होतो. याच्या उलट, रुंद रिमवर अरुंद टायर घातला की माथा चपटा पडतो आणि गाडी कलताना एकदम पडल्यासारखी वाटते. बाकी काही तपासलं नाही तरी चालेल असं मी म्हणणार नाही, पण एकच गोष्ट तपासायची असेल तर ही.

स्पीडोमीटर चुकतो का? ज्या चाकावरून तो वेग मोजतो त्या चाकाचा टायर बदलला तरच. जुन्या क्लासिकची आणि बुलेटची केबल पुढच्या चाकातून निघते, मागे काहीही घातलं तरी काटा हलत नाही. मात्र तिथेच पुढे ९०/९०-१९ काढून १००/९०-१९ घातला, तर चाक पावणेतीन टक्के मोठं होतं आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. ज्या गाडीचा मोजणारा डोळा मागच्या चाकावर आहे तिथे १४०/७० घातला असता, तर काट्यावर ८० दिसताना खरा वेग साडेसत्त्याहत्तर निघाला असता. बहुतेक स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे हे धोक्याचं नाही. पण अठ्ठावीसशे किलोमीटर फिरून दोन हजार नऊशे फिरलो म्हणून सांगायला आपण मोकळे. एबीएसचं मात्र असं हसून सोडता येत नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. ते पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग सतत ताडून बघतं. एक-दोन टक्क्यांचा फरक ते पोटात घालतं. एकच चाक पाच-सहा टक्क्यांनी लहान-मोठं केलं, तर त्याचा अंदाज चुकवण्याची जबाबदारी आपली.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग. साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. ६४ आणि एस, असं काहीतरी. ६४ म्हणजे ६४ किलो नव्हे, हे एका पंक्चरवाल्याला समजावताना माझी अर्धी संध्याकाळ गेली आहे. तो कोष्टकातला क्रमांक आहे. ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३०, ६१ म्हणजे २५७, ६४ म्हणजे २८०, ६५ म्हणजे २९०, ६६ म्हणजे ३००. अक्षर वेगाचं: पी ला ताशी १५०, एस ला १८०, एच ला २१०. हे ओझं टायर वाहतो ते पूर्ण हवा असेल तर.

मागे बसणारीचा प्रश्न इथे येतो. गाडी १९९ किलो. मी ७८, बायको ६२, पेट्या-पिशव्या ३५. बेरीज ३७४. दोघं बसल्यावर आणि पेट्या मागे बांधल्यावर यातलं साठ-बासष्ट टक्के ओझं मागच्या चाकावर जातं, म्हणजे सुमारे २३० किलो. १२०/९०-१७ वर सहसा ६४ असतं, म्हणजे २८०. पन्नास किलोची शिल्लक. ही शिल्लक खड्ड्याला, ब्रेकला आणि उन्हाला लागते. १३०/८० वर ६५ होतं आणि १४०/७० वर ६६. ओझ्याच्या बाबतीत दोन्ही पास. पण एखादा पैसे वाचवायला ११०/८०-१७ घालतो, त्यावर ५७ असतं, म्हणजे नेमके २३०. गाडी चालते, टायर फुटत नाही, आणि तो म्हणतो बघा, काही होत नाही. जूनच्या दुपारी जयपूरच्या पुढे हवा पंचेचाळीस अंशांवर असते आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. तिथे शिल्लक शून्य ठेवून दोन माणसं आणि पेट्या घेऊन जाणं हा शहाणपणा नाही. लांबच्या प्रवासाच्या गाडीचा टायर निवडताना रुंदीच्या आधी हा आकडा वाचावा. हा मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. जास्त चालेल.

टायरच्या बांधणीविषयी थोडक्यात. साइजमध्ये मधे नुसती आडवी रेघ असेल तर तो आडव्या-तिडव्या धाग्यांचा, म्हणजे बायस. आर असेल तर रेडियल. डॉमिनार ४०० ला दोन्हीकडे रेडियल, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. नव्या हिमालयन ४५० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १४०/८० रेडियल. मागे रेडियल, पुढे बायस हे कंपनीने बसवून दिलं असेल तर ठीक. पुढे रेडियल आणि मागे बायस ही जोडी मात्र आपल्या मनाने जमवू नये; दोघांचं वाकणं वेगळं, आणि वेगात गाडी डोलते.

तारांची चाकं आणि ट्यूब हा एक स्वतंत्र त्रास आहे. टायरवर टीएल लिहिलं म्हणून तारांचं चाक ट्यूबलेस होत नाही. त्यात ट्यूब घालूनच तो वापरायचा, आणि ट्यूबसुद्धा त्याच साइजची. लहान ट्यूब जास्त फुगवून चालवली की ती पातळ होते आणि खिळा लागताच एकदम बसते. पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळत नाही. मी ती स्वतःजवळ बाळगतो.

यावरून मिळण्या-न मिळण्याकडे येऊ, कारण प्रवासात साइजचा प्रश्न शेवटी बाजारपेठेचा प्रश्न असतो. आपल्या देशात कुठल्याही गावी हमखास मिळणारे साइज दोन: स्कूटरचा ९०/१००-१० आणि स्प्लेंडरचा १८ इंची. मोठ्या गाड्यांमध्ये १७ इंच सगळ्यात सोपा. १४०/७०-१७ मीटिओर ३५० ला मागे लागतो, यामाहाच्या आर१५ लाही, म्हणून पाडव्याला अर्ध्या शटरच्या दुकानातही तो असतो. १३०/८०-१७ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचा. १५०/६०-१७ डॉमिनारचा आणि ट्रायम्फ स्पीड ४०० चा, दोन्ही चाकणच्याच. १४०/८०-१७ पूर्वी दुर्मिळ होता, पण स्क्रॅम्बलर ४००एक्स आणि हिमालयन ४५० आल्यापासून दिसू लागला आहे. अ‍ॅव्हेंजरचा मागचा १३०/९०-१५ आणि माझा १२०/९०-१७ हे एकाच घरापुरते साइज. दिसतात कमी.

बाहेरच्या टायरांचंही एक दशक होतं. मेट्झेलर, पिरेली, मिशेलिन आयात होऊन यायचे आणि पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत मिळायचे. १२ जून २०२० ला केंद्र सरकारने टायरांची आयात परवान्यावर आणली, त्यात मोटारसायकलचे टायरही आले. आवडीचा साइज महिनोन्महिने नाही, असं तेव्हापासून बऱ्याच जणांनी भोगलं. त्याचा एक चांगला परिणाम असा, की अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, सीएट, एमआरएफ, राइझ या इथल्या कंपन्यांनी प्रवासी गाड्यांचे साइज मनावर घेतले. सीएट मूळची इटलीतल्या तुरीनची, १९५८ मध्ये भारतात आली, भांडुपला कारखाना काढला, १९८२ मध्ये गोएंकांच्या समूहाकडे गेली. आज तिचा दुचाकी टायरांचा मोठा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. हिमालयनवर कारखान्यातून येणारे टायर तिचेच. तेव्हा परदेशी टायर नाही म्हणून वेगळा साइज, हे कारण आता फारसं टिकत नाही.

अमेरिकेत याचं टोक बघायला मिळतं. होंडा गोल्डविंगचे काही मालक मागच्या चाकावर चक्क मोटारीचा टायर चढवतात. मूळ १८०/६०-१६, त्या जागी मोटारीचा १९५/५५-१६. दुप्पट-तिप्पट टिकतो आणि स्वस्त पडतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मोटारीचा टायर सपाट असतो, मोटारसायकलचा गोल, आणि दोघांच्या रिमच्या कडांची घडण वेगळी. टायर कंपन्या याला हो म्हणत नाहीत. आपला दुकानदार 'चढ़ जाएगा' म्हणतो तेव्हा त्याला एकटं समजू नका, त्याचे भाऊबंद जगभर आहेत.

कायद्याचंही एकदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या वर्णनापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ टायरच्या झिजेचा आहे. दुचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. हे किमान म्हणजे अगदीच किमान. ओल्या रस्त्यावर मी दोन मिलिमीटरच्या खाली जात नाही. आणि दुचाकीच्या टायरवर आयएसआय चिन्ह हवं, आयएस १५६२७ हा त्याचा क्रमांक. टायर एका पायरीने बदलला म्हणून रस्त्यात कुणी अडवेल असं नाही. पण अपघातानंतर विम्याचा माणूस फोटो काढतो, तेव्हा पुस्तिकेत एक आणि चाकावर दुसरा असा साइज असणं आपल्या सोयीचं नसतं.

तर मग माझं मत. मूळ साइज मिळत असेल तर मूळच घाला. चाक, स्विंगआर्म, चेन, एबीएस सगळं त्याच्यासाठी आखलेलं आहे. मिळत नसेल तर एक पायरी इकडे-तिकडे, आणि तीही मागच्याच चाकाला. चाकाच्या व्यासात दोन टक्क्यांच्या आत, रिमच्या कोष्टकात बसणारी, आणि ओझ्याचा आकडा मूळ किंवा वरचा. पुढच्या चाकाला हात लावू नका. गाडी कुठे जाणार हे पुढचं चाक ठरवतं. २१ इंची चाक काढून १९ इंची बसवणारे पाहिलेत. ९०/९०-२१ चा व्यास ६९५, १००/९०-१९ चा ६६३. पुढचा आस सोळा मिलिमीटर खाली येतो आणि गाडीचा स्वभावच बदलतो. तो टायरबदल नव्हे, गाडीबदल आहे.

या हिशेबात पाडव्याच्या दिवशीचा १३०/८०-१७ बसत होता. व्यास सव्वा टक्का कमी, ओझं ६५. रिमवरची धूळ पुसून आकडा वाचला, तोही कोष्टकात. चेनपासून जागा पुरेशी. मी हो म्हणणार होतो. मुलाचं तोंड उतरलं होतं, कारण एकशेचाळीस बाद झाला होता. मग टायर उन्हात आणून फिरवून बघितला. कुशीवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८१९. म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. साडेचार वर्षं तो टायर राजस्थानच्या उन्हात दुकानाच्या दारात टांगलेला असावा. नक्षीच्या खाचांत केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. साइज चालला असता, टायर चालला नसता. दुकानदार रागावला नाही. "पढ़े-लिखे ग्राहक से डर लगता है," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला.

त्यानेच दिल्लीला ओळखीच्या दुकानात फोन लावून दिला. करोल बागेत १२०/९०-१७ होता, पण दुकान भाऊबीजेनंतर उघडणार. आम्ही बनी पार्कात आणखी तीन रात्री काढल्या. बायकोने जंतरमंतर दोनदा पाहिलं. कोल्हापूरचा मुलगा जैसलमेरला निघून गेला. जाण्यापूर्वी त्याने स्वतःच्या डॉमिनारच्या चारही आकड्यांचा फोटो काढून ठेवला, हे मी पाहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे दिल्लीच्या बसने पार्सल आलं. सिंधी कॅम्पवर पोतं फाडून आधी चौकट वाचली. ३४२३. सुमारे बारा आठवड्यांचा टायर. बसवून घेतला, दोघांना लागते तेवढी हवा थंड टायरात भरली आणि पहिले दीडशे किलोमीटर, नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, अजमेरच्या रस्त्याने साठच्या वर गेलो नाही. तुमच्या गाडीच्या टायरांवरचे साइजचे आणि ओझ्याचे आकडे, पुढचे आणि मागचे, आज घरीच वहीत लिहून ठेवा, रिमवरचाही लिहा. पाडव्याच्या दिवशी ते टायरवरून वाचायला फार खाली वाकावं लागतं.